फळमाशीच्या आतड्याची साक्ष

योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हापासून आषाढी-कार्तिकीच्या सुमारास एक मजकूर मराठी घरांतल्या फोनांवर फिरत असतो. उपवास केला की शरीरात ऑटोफॅजी सुरू होते, शरीर आपल्या जुन्या, रोगट पेशी खाऊन टाकतं, माणूस आतून नवा होतो, आणि एकादशीचं हे रहस्य आता जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केलं आहे, असा तो मजकूर. त्यातल्या ढोबळ चुका सांगायला फार वेळ लागत नाही. ओसुमींनी उपाशी ठेवली ती माणसं नव्हेत, पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशी होत्या. नायट्रोजन नसलेल्या द्रावणात ठेवल्यावरही ज्यांना ऑटोफॅजी जमत नाही असे यीस्टचे वाण त्यांनी हुडकले आणि त्यांवरून १९९३ साली या प्रक्रियेला लागणारी १५ जनुकं वेगळी ओळखली. नोबेल त्या कामाचं आहे. शिवाय ऑटोफॅजीत शरीर पेशींना खात नाही. प्रत्येक पेशी स्वतःच्याच आतला काही भाग दुहेरी पटलाच्या पिशवीत गुंडाळते, ती पिशवी लायसोसोम नावाच्या पाचक कप्प्याला जाऊन मिळते, आणि पचून निघालेले घटक पेशी पुन्हा वापरते.

माझा वाद मात्र या मजकुराशी नाही. माझा वाद त्याच्या सुशिक्षित भावंडाशी आहे, जे आरोग्यपुरवण्यांत आणि आहारावरच्या व्याख्यानांत भेटतं. ते म्हणतं, ‘पेशी खाण्याचं सोडा, ते चुकलंच, पण ऑटोफॅजी ही पेशीची साफसफाई आहे, ती पेशीला वाचवते, हे तर विज्ञानाने मान्य केलं आहे ना? मग ती जितकी वाढेल तितकं बरं.’ या मांडणीचा पाया खरा आहे. उपासमारीत ऑटोफॅजी पेशीला तगवते, साचलेली बिघडलेली प्रथिनं हटवते, यात शंका नाही. त्या पायावर चढवलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. ऑटोफॅजी स्वभावतः रक्षक नाही. योग्य ऊतीत, योग्य घटकेला ती पेशीचा शेवट करते, आणि हे सिद्ध करणारा प्राणी आपल्या स्वयंपाकघरात पिकलेल्या केळ्यांवर घोंगावत असतो.

फळमाशीला, म्हणजे ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टरला, एका आयुष्यात दोन शरीरं लागतात. २५ अंश सेल्सियसला अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास साधारण दहा दिवसांचा. त्यात अळी असताना तिला फक्त खायचं आणि वाढायचं असतं. माशीला उडायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची असतात. अळीचं आतडं आणि अळीच्या लाळग्रंथी माशीच्या उपयोगाच्या नाहीत. लाळग्रंथींचं शेवटचं मोठं काम म्हणजे कोष पृष्ठभागाला चिकटवून ठेवणारा डिंक ओतणं. तो ओतला की त्यांची गरज संपली. म्हणून कोषात या ऊती मोडल्या जातात, आणि तेही वेळापत्रकाप्रमाणे. एकडायसोन या स्टेरॉइड संप्रेरकाची एक लाट अळीपणाच्या शेवटी येते आणि मधल्या आतड्याचा शेवट सुरू होतो. कोष बांधायला लागल्यावर दहा-बारा तासांनी दुसरी लाट येते आणि लाळग्रंथींची पाळी येते. पेशी कधी मरणार हे तासांच्या हिशेबात आधीच ठाऊक असेल, तर संशोधकाला त्या मृत्यूत हात घालून काय बदलतं ते पाहता येतं. माणसाच्या शरीरात अशी सोय नाही.

या पेशी आकाराने प्रचंड असतात. त्या विभागत नाहीत, पण आपला डीएनए पुन्हा पुन्हा दुप्पट करत राहतात; बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली ती जाड, पट्टेदार गुणसूत्रं लाळग्रंथीचीच. अशी एक पेशी शेजारच्या भक्षक पेशीने गिळायची म्हटली तरी ती मावणार नाही. तिला आतूनच मोडावं लागतं.

आता पेशीचा ठरवून घडणारा मृत्यू कसा होतो, याचं पाठ्यपुस्तकी उत्तर पाहू. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी अपॉप्टोसिसचं वर्णन केलं. पुढे त्यामागची कॅस्पेझ नावाची विकरं सापडली, जी पेशीतली प्रथिनं नेमक्या जागी कापत सुटतात. फळमाशीत अशी सात कॅस्पेझ आहेत. ‘ठरलेला मृत्यू म्हणजे कॅस्पेझ’ हे समीकरण इतकं पक्कं झालं की मरणाऱ्या पेशीत ऑटोफॅजीच्या पिशव्या खचाखच भरलेल्या दिसल्या तरी अनेकांनी त्याचा एकच अर्थ लावला: बिचारी पेशी शेवटपर्यंत वाचायचा प्रयत्न करत होती.

या अर्थाची सर्वांत तगडी मांडणी २००८ साली ग्विडो क्रोमर आणि बेथ लेव्हिन यांनी केली. दोघंही या क्षेत्रातली मोठी नावं. त्यांचं म्हणणं असं की मृत्यूच्या वेळी ऑटोफॅजी दिसते याचा अर्थ मृत्यू तिच्यामुळे झाला असा होत नाही. ऑटोफॅजीची जनुकं काढून टाका. पेशी तरीही मरत असेल तर ऑटोफॅजी केवळ हजर होती, मारेकरी नव्हती. प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचे ऑटोफॅजीने मारल्याचे अनेक दावे या कसोटीवर गळून पडले, आणि ते पडायलाच हवे होते. ऑटोफॅजी नेहमीच तारक असते असं मानणारे आजही आडून आडून हाच युक्तिवाद वापरतात. कसोटी मला मान्य आहे. फळमाशीला त्याच कसोटीवर उभं करू.

लाळग्रंथीपासून सुरुवात करतो, कारण तिथलं उत्तर मिश्र आहे. डेबोरा बेरी आणि एरिक बेरेक यांनी २००७ मध्ये दाखवलं की ग्रंथीची वाढ थांबते, मग ऑटोफॅजी सुरू होते, मग ग्रंथी मोडते, क्रम ठरलेला. वाढीचे संदेश कृत्रिमरीत्या चालू ठेवले तर ऑटोफॅजी होत नाही आणि ग्रंथीही जात नाही. ऑटोफॅजीची जनुकं बिघडवली तरी ग्रंथी पूर्ण मोडत नाही, कोष बांधल्यापासून चोवीस तासांनी, जेव्हा एरवी तिचा मागमूस उरत नाही तेव्हाही, तिचे अवशेष शिल्लक असतात. गंमत म्हणजे त्या अवशेषांत कॅस्पेझ काम करत असतात आणि तरी ग्रंथी उरते. कॅस्पेझ आणि ऑटोफॅजी दोन्ही रोखल्या तर ती आणखी टिकते. म्हणजे इथे दोघींचा वाटा आहे, हे मी कबूल करतो. पण त्याच शोधनिबंधात दुसरी गोष्टही आहे: ऑटोफॅजीला चालना देणारं एटीजी-१ हे जनुक वेळेआधीच जास्त प्रमाणात चालू केलं तर ग्रंथीच्या पेशी वेळेआधीच मरतात, आणि कॅस्पेझ रोखून त्यांना वाचवता येत नाही. मृतदेह झाडून नेण्याचंच काम ऑटोफॅजीकडे असतं, तर जिवंत पेशीत तिला लवकर सोडल्याने पेशी लवकर मेली नसती.

खरी लढाई आतड्यात आहे. २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये डोना डेंटन, शरद कुमार आणि सहकाऱ्यांनी, बेरेक यांच्या साथीने, मधल्या आतड्याला तीच चाचणी लावली. आधी कॅस्पेझची बाजू. मृत्यू सुरू करणारी आणि पार पाडणारी प्रमुख कॅस्पेझ जोडीजोडीने काढून टाकलेल्या माशा त्यांनी तयार केल्या. आतडं ठरल्या वेळी मोडलं. मग लक्षात आलं की मरणाऱ्या आतड्यात कॅस्पेझची क्रिया भरपूर असते आणि ती बहुतांशी डिके नावाच्या एका कॅस्पेझची असते. तीही काढली. आतडं तरीही मोडलं. इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण एरवी एवढी कॅस्पेझ-क्रिया मोजली गेली असती तर कोणीही डोळे मिटून ‘अपॉप्टोसिस’ असं लिहून मोकळा झाला असता. मग ऑटोफॅजीची बाजू: तिची जनुकं बिघडवली, आणि आतड्याचं मोडणं कमालीचं लांबलं. तेव्हा कॅस्पेझची क्रिया मुळीच कमी झालेली नव्हती. शेवटी दोन्ही एकत्र रोखलं. आणखी काही विलंब झाला नाही. लाळग्रंथीत दोघींचा वाटा होता. आतड्यात कॅस्पेझ नुसत्या हजर आहेत आणि काम ऑटोफॅजी करते आहे. क्रोमर-लेव्हिन यांच्या कसोटीत ‘हजर’ कोण आणि ‘मारेकरी’ कोण हा जो प्रश्न होता, त्याचं उत्तर अपेक्षेच्या नेमकं उलट आलं.

यावर आक्षेप येतात, आणि ते गंभीर आहेत.

पहिला आक्षेप: विलंब म्हणजे मृत्यू टळणं नव्हे. खरं आहे. पण ज्या प्राण्यात रूपांतराचं सगळं नाटक तासांवर चालतं, तिथे नेमका एक घटक काढल्याने एक ऊती आपली वेळ चुकवते आणि दुसरा काढल्याने चुकवत नाही, हा फरकच पुरावा आहे. विलंबाला पुरावा मानायचं नाही असं ठरवलं तर लाळग्रंथीतल्या कॅस्पेझच्या वाट्याचा पुरावाही त्याच न्यायाने बाद होईल.

दुसरा आक्षेप याहून कठीण, आणि माझ्या मते विरोधकांच्या भात्यातला सर्वांत चांगला. २००७ साली गाबोर यूहास, टॉमस न्यूफेल्ड आणि सहकाऱ्यांनी एटीजी-७ हे जनुक पूर्णपणे नसलेल्या माशा तयार केल्या. एटीजी-७ ऑटोफॅजीच्या यंत्रणेतलं मध्यवर्ती विकर बनवतं. त्या माशा कोषातून बाहेर पडल्या, धडधाकट दिसल्या. पुढे त्यांचं आयुष्य कमी भरलं, उपासमार त्यांना सोसवली नाही, त्यांच्या चेतापेशी झिजल्या. पण रूपांतर झालं. मग ऑटोफॅजी मृत्यूसाठी लागते असं म्हणणार कसं? आणि नसताना झालेलं नुकसान तर तिच्या रक्षक असण्याचाच दाखला नाही का?

उत्तर यायला सहा वर्षं लागली, आणि ते विलक्षण आहे. २०१३ मध्ये बेरेक यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की आतड्याच्या मरणाऱ्या पेशी एटीजी-७ आणि त्याच्या जोडीचं एटीजी-३ यांच्याशिवायच ऑटोफॅजी करतात. त्यांच्या जागी युबीए-१ हे वेगळं विकर लागतं, जे एरवी प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण लावण्याच्या कामाची सुरुवात करतं. त्याच माशीच्या मेदपिंडात उपासमारीच्या वेळच्या ऑटोफॅजीला मात्र एटीजी-७ लागतंच. म्हणजे एटीजी-७ नसलेल्या माशीचं रूपांतर झालं, कारण तिचं आतडं मुळात त्या जनुकावर अवलंबून नव्हतं. तिच्या चेतापेशी झिजल्या, कारण त्या मात्र अवलंबून होत्या. ज्या माशीला विरोधक आपला साक्षीदार म्हणून पुढे आणतात, ती सांगते ते एवढंच की वाचवणारी ऑटोफॅजी आणि संपवणारी ऑटोफॅजी यांची यंत्रसामग्रीसुद्धा पूर्णपणे एक नाही.

मेदपिंडाचा उल्लेख आला आहे तर तिसरा आक्षेपही घेतो. मेदपिंड हा कीटकाचा चरबी साठवणारा आणि आपल्या यकृतासारखी कामं करणारा अवयव. अळीपणाच्या शेवटी एकडायसोनची तीच लाट त्याच्यावरही येते, वाढीचे संदेश मंदावतात आणि मेदपिंडात जोरात ऑटोफॅजी सुरू होते. पण त्या पेशी मरत नाहीत. त्या सुट्या होतात, कोषभर टिकतात आणि नव्या माशीला पहिले काही दिवस पोसतात. ‘बघा, ऑटोफॅजी असून पेशी जिवंत,’ असं म्हणतात. बघितलं. मी कुठे म्हणतो की ऑटोफॅजी नेहमी मारते? एकाच प्राण्यात, एकाच संप्रेरकाच्या हुकमाने, आतड्यातली ऑटोफॅजी पेशीला संपवते आणि मेदपिंडातली तगवते. यावरून ‘ऑटोफॅजी रक्षक आहे’ हे सिद्ध होत नाही, ‘ऑटोफॅजी मारक आहे’ हेही नाही. दोन्ही सरसकट विधानं पडतात, आणि लोकप्रिय आरोग्यलेखन त्यांतल्या पहिल्यावर उभं आहे. मेदपिंडात एटीजी-१ कृत्रिमरीत्या वाढवलं तर तिथल्याही पेशी मरतात, आणि तिथे तो मृत्यू कॅस्पेझच्या वाटेने होतो. म्हणजे तगवणारी ऑटोफॅजीसुद्धा मात्रा ओलांडली की तगवत नाही. ‘जितकी वाढेल तितकं बरं’ म्हणणाऱ्यांनी निदान हा प्रयोग वाचावा.

अंडाशयाबद्दल थोडक्यात. फळमाशीचं एक अंडं १५ पोषक पेशींच्या जिवावर वाढतं आणि शेवटी त्या मरतात. २०१० मध्ये असं दिसलं की तिथे ऑटोफॅजी डीब्रूस नावाचं, मृत्यू रोखून धरणारं प्रथिन पचवून टाकते. ऑटोफॅजी बिघडली की ते प्रथिन साचतं आणि पोषक पेशींच्या डीएनएचे तुकडे होणं कमी होतं. या पेशींच्या मृत्यूत शेजारच्या आवरणपेशींचा मोठा हात असतो हे नंतर स्पष्ट झालं, त्यामुळे या उदाहरणावर मी फार भार टाकत नाही. पण ऑटोफॅजी काय पचवते यावर ती तारणार की मारणार हे ठरतं, एवढं त्यातून कळतं. पेशीतला कचरा पचला तर पेशी तरते. मृत्यूला लावलेला अडसरच पचला तर मरते.

‘पण हे सगळं माशीत,’ हा चौथा आक्षेप. माशीला कमी लेखणं मला पटत नाही. ऑटोफॅजीची बहुतेक जनुकं यीस्टपासून माणसापर्यंत ओळखू येतील इतकी सारखी आहेत, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही फळमाशीतल्या ऑटोफॅजीचा अभ्यास होतो तो याचसाठी. तरीही सस्तन प्राण्याचा पुरावा हवा असेल तर तो देणारी व्यक्ती कोण, हे पाहण्यासारखं आहे. २००८ साली सावधगिरीचा इशारा देणाऱ्या त्याच बेथ लेव्हिन यांच्या गटाने २०१३ मध्ये ऑटोफॅजीवर अवलंबून असलेल्या मृत्यूचा एक नवा प्रकार वर्णन केला. ऑटोफॅजी वाढवणाऱ्या रेणूने, तीव्र उपासमारीने, आणि ऑक्सिजन-रक्तपुरवठा तुटलेल्या नवजात उंदरांच्या मेंदूत तो दिसला. कॅस्पेझ रोखून थांबत नव्हता, पण पेशीच्या पटलावरचा सोडियम-पोटॅशियम पंप रोखला की थांबत होता. पेशीमृत्यूच्या प्रकारांची नावं आणि व्याख्या ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१८ मध्ये ऑटोफॅजीवर अवलंबून असलेल्या मृत्यूला स्वतंत्र स्थान दिलं, आणि त्या समितीच्या अग्रभागी क्रोमर होते. कडक कसोटी लावणाऱ्यांनीच पुरावा आल्यावर जागा करून दिली. मराठीत मात्र आपण ‘ऑटोफॅजी म्हणजे नवजीवन’ इथेच थांबलो आहोत, कारण ते ऐकायला बरं वाटतं आणि उपवासाच्या कार्यक्रमाची विक्रीही होते.

‘त्याने कोणाचं बिघडतं?’ हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागतो. एकादशी श्रद्धेने करणाऱ्याचं काही बिघडत नाही, आणि त्याच्याशी माझं भांडण नाही. बिघडतं ते इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसाचं, जो ७२ तास न खाता राहिल्याने पेशी नव्या होतात म्हणून ऐकतो आणि साखर उतरून कोसळतो. बिघडतं ते कर्करोगाच्या रुग्णाचं, ज्याला सांगितलं जातं की उपवासाने शरीर गाठ खाऊन टाकेल. गाठीतल्या पेशीही ऑटोफॅजी करतात. रक्तपुरवठा अपुरा पडलेल्या, अन्न-ऑक्सिजन तुटपुंजा असलेल्या गाठीत पेशी तग धरतात त्या अनेकदा तिच्याच आधारावर, आणि म्हणूनच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या लायसोसोमचं काम अडवणाऱ्या जुन्या औषधाच्या चाचण्या कर्करोगात झाल्या आहेत: ऑटोफॅजी वाढवण्यासाठी नव्हे, थांबवण्यासाठी. दुसरीकडे बेक्लिन-१ या ऑटोफॅजीच्या जनुकाची एक प्रत गमावलेल्या उंदरांत गाठी जास्त होतात, म्हणजे गाठ मुळात होऊ नये यासाठी तीच ऑटोफॅजी उपयोगी पडते. गाठ कुठल्या ऊतीची, कुठल्या टप्प्याची, तिला कोणतं औषध चालू आहे, यावर ऑटोफॅजी तिच्या बाजूची की विरोधातली हे ठरतं, आणि ते कर्करोगतज्ज्ञालाही सहज सांगता येत नाही. आहाराच्या शिबिरात माईक हातात धरून ते शंभर माणसांना एकदम सांगणं ताबडतोब थांबलं पाहिजे.